वैशालीचा भाग, आप्पांचा भाग

सुभेदार आप्पा दाढी केल्याशिवाय कॉम्प्युटरसमोर बसत नसत. एकदा मला घाईनं एक अर्ज टाइप करून हवा होता, तर म्हणाले, "थांबा मास्तर, गाल अजून खरबरीत हायत." मग आरसा आला, वाटीत पाणी आलं, साबणाचा फेस झाला. मी वीस मिनिटं बसून. "साहेबासमोर असंच जातो व्हय आपण?" एवढंच त्यांचं म्हणणं.

साताऱ्यात ते आमचे शेजारी. सगळी नोकरी फौजेत वायरलेसवर काढलेली. मी कॉलेजात गणित शिकवायचो, म्हणून मी 'मास्तर'. भेटले की कसं काय वगैरे नाही, "पोझिशन सांगा." भाजी आणायला चाललोय म्हटलं की "सही," म्हणून पुढं जायचे. त्यांच्या बायकोला, काकूंनाही, सवय झाली होती. जेवायच्या वेळी त्या आतूनच सांगत, "पोझिशन वांग्याची हाय."

तो कॉम्प्युटर त्यांच्या मुलीनं, वैशालीनं, सांगलीला इंजिनिअरिंग शिकताना सुटे भाग जमवून जोडलेला. गोधडीत गुंडाळून तिनं तो एसटीनं घरी आणला. त्याच्या डिस्कचे तिनं दोन भाग केले. एकात विंडोज, ते तिचं. दुसऱ्यात लिनक्स, ते आप्पांचं. मशीन सुरू झालं की आधी विचारायचं, कुठं जायचं? आप्पा कायम आपल्याच घरात जात. चित्रांवर टिचक्या मारणं त्यांना पोरखेळ वाटे. हुकूम लिहायचा आणि तो पाळला गेला पाहिजे, हे त्यांना पटायचं. औंधाजवळच्या त्यांच्या गावातून फौजेत गेलेल्या प्रत्येक माणसाचं नाव ते घरोघर फिरून गोळा करत आणि त्यात टाइप करून ठेवत.

पुढं वैशालीनं बंगळूरला नोकरी धरली. आप्पांना ती साताऱ्यातच हवी होती. ते काहीतरी लागेलसं बोलले, तीही बापाचीच लेक. दोघांचं बोलणं थांबलं ते दोन वर्षं. फोन फक्त आमच्याकडे होता. रविवारी तिचा फोन आला की काकू पदर सावरत यायच्या आणि आप्पा चपला घालून फिरायला निघायचे.

एक दिवस ते दाढी न करता माझ्या दारात उभे राहिले.

"मास्तर, दोन्ही घरं गेली."

लिनक्सची नवी सीडी चढवताना एका प्रश्नाला चुकीचं उत्तर दिलं गेलं होतं. आता मशीन म्हणत होतं, इथं काहीच नाही. मला वाटलं सगळं पुसलं गेलं. आप्पांनी मान हलवली. "शेत जाग्यावर हाय. बांध कुठं हाय ती नोंद तेवढी पुसली. नोंद बरोबर लिवली की पिकासकट परत मिळतंय."

म्हणजे एक आकडा हवा होता: वैशालीचा भाग कुठं संपतो आणि आप्पांचा कुठं सुरू होतो. तीन दिवस मी कागदावर हिशेब मांडले. फ्लॉपी घालायची, आकडा लिहायचा, मशीन पुन्हा सुरू करायचं. दर वेळी नकार. गावच्या माणसांची नावं अडकलेली, वैशालीच्या कॉलेजातलं सगळं काम अडकलेलं. आप्पा शेजारी ताठ बसून असायचे आणि दर अर्ध्या तासानं विचारायचे, "मग आता काय करायचं, मास्तर?"

तिसऱ्या दिवशी मी थकून म्हणालो, "भाग वैशालीनं पाडलेत. तिलाच विचारायला पाहिजे."

"तिला?" ते उठले. "तुमी म्हणताय म्हणून विचारतो."

बोलता बोलता चपला घालूनही झाल्या. आमच्या घरी येऊन बंगळूरचा नंबर मी शोधायला लागलो, तर त्यांनी तो न बघता फिरवला.

"हॅलो. सातारा बोलतोय." मग त्यांनी पोझिशन सांगितली, कोरडी, मोजक्या शब्दांत. पलीकडून आकडा आला. त्यांनी एकेक अंक परत म्हणून खात्री केली आणि लिहून घेतला. काम झालं होतं, पण फोन खाली ठेवला नाही. "जेवतीस का यळंवर?" मी आत गेलो. बऱ्याच वेळानं बाहेरून आवाज आला, अगदी हळू, "ये की गं कवातरी."

आकडा घातला आणि दोन्ही घरं उघडली. वैशालीच्या पडद्यावर सूर्यफुलांचं चित्र होतं. आप्पा त्याच्याकडे बघत म्हणाले, "सही."

दिवाळीला ती आली.

त्यानंतर दोन-तीन महिन्यांनी मशीनचा पंखा घरघरायला लागला. आप्पा गावी गेले होते. काकूंनी मला बोलावलं. मी स्क्रू काढून पत्रा बाजूला केला. पत्र्याच्या आतल्या अंगाला एक कागद चिकटवलेला होता. चिकटपट्टी जुनी, पिवळी पडलेली. आप्पांच्या टपोऱ्या अक्षरात दोन ओळी होत्या: 'वैशाली' आणि 'मी'. दोन्हींपुढं आकडे. फोनवर विचारून घेतलेला आकडाही त्यात होता.

मी पंखा पुसला, पत्रा बसवला आणि चारही स्क्रू घट्ट पिळले.

"काय हुतं वं आत?" काकूंनी विचारलं.

"धूळ," मी म्हणालो.