रेल्वेला नाव ठेवताना

नाव ठेवण्याच्या कामात माझा हात धरणारा माणूस आमच्या मुख्य कार्यालयात नाही, असं मी परवापरवापर्यंत छातीठोकपणे सांगत होतो. चोवीस वर्षं मी रेल्वेच्या सूचना लिहितोय. 'दारात उभे राहू नये', 'खिडकीतून हात बाहेर काढू नये' वगैरे. फलाटावरचं प्रत्येक 'नये' माझ्या हातचं आहे. त्यामुळे देशातल्या दोन रेल्वे कंपन्या मोडून एकच सरकारी रेल्वे करायचं ठरलं आणि नामकरण समितीचा सचिव म्हणून माझी नेमणूक झाली, तेव्हा मी बायकोला म्हणालो, "दुपारच्या चहापर्यंत उरकून येतो."

बायको मुख्य स्टेशनवर गाड्यांच्या घोषणा करते. ती म्हणाली, "काहीही ठेवा, पण तोंडात बसेल असं ठेवा. दिवसातून दोनशे वेळा मला म्हणायचंय ते."

तो चहा चार महिने लांबला.

पहिल्याच बैठकीत मी 'राष्ट्रीय रेल्वे' असं सुचवलं. राष्ट्राची आहे आणि रेल्वे आहे. आणखी काय सांगायचं असतं लोकांना? पण पूर्वेच्या कंपनीचे साहेब तोंड वाकडं करून म्हणाले, "यात आमचं काय राहिलं?" त्यांच्या जुन्या कंपनीच्या नावात 'उन्नत' हा शब्द होता. तो आला नाही तर सही करणार नाही, असं त्यांनी जाहीर केलं. पश्चिमेच्या साहेबांच्या कंपनीच्या नावात 'शीघ्र' होतं. तेही लगेच हटून बसले. शिवाय बाहेरून आणलेल्या एक सल्लागारबाई होत्या. त्या म्हणाल्या, "आधी सगळ्यांनी डोळे मिटा आणि आपण रूळ आहोत अशी कल्पना करा."

मी डोळे मिटले. बाकी काही जाणवलं नाही, पण आपल्या अंगावरून कुणीतरी जातंय एवढं मात्र स्पष्ट जाणवलं.

पुढचे चार महिने 'उन्नत' आधी की 'शीघ्र' आधी, यावर भांडण. पूर्वेचे साहेब पश्चिमेच्या साहेबांना "तुमच्या गाड्या शीघ्र कधी होत्या?" म्हणायचे, आणि पश्चिमेचे साहेब "तुमच्या डब्यांची छपरं गळतात, कसले उन्नत?" म्हणायचे. ही वाक्यं मला इतिवृत्तात सभ्य भाषेत लिहावी लागत. एकोणिसाव्या बैठकीत पूर्वेच्या साहेबांनी माझ्याच इतिवृत्तावर पाण्याचा ग्लास आपटला आणि माझं डोकं सणकलं. मी उभा राहिलो आणि म्हणालो, "पूर्वेची कंपनी वयाने मोठी, म्हणून 'उन्नत' आधी. मग 'शीघ्र'. शेवटी माझी 'राष्ट्रीय रेल्वे'. उन्नत शीघ्र राष्ट्रीय रेल्वे. ज्याला पटत नसेल त्याने पुढचं इतिवृत्त स्वतः लिहावं."

सगळ्यांनी निमूट सह्या केल्या. इतिवृत्ताचा धाक मोठा असतो.

आठवड्याने वर्कशॉपमधून पेंटरमेस्त्रींचा फोन आला. "साहेब, नाव इंजिनावर मावत नाही. 'राष्ट्रीय'च्या बरोबर मध्ये दार येतंय."

माझा राग अजून उतरला नव्हता. "मग आद्याक्षरं लिहा. एवढ्यासाठी फोन?"

"नुसती आद्याक्षरं? साहेब, तुम्ही एकदा सलग वाचून बघता का?"

"मेस्त्री, चोवीस वर्षं मी लिहितोय. तुम्ही फक्त रंग लावा. आणि मध्ये टिंबं देऊ नका, लांबून पुरळ आल्यासारखी दिसतात."

"बरं. तेवढं लेखी द्या."

मी लेखी दिलं. सहीखाली शिक्काही मारला.

समारंभाच्या दिवशी मुख्य स्टेशनवरच्या सगळ्या गाड्या अडवून ठेवल्या होत्या. फलाटावर माणसं घामाघूम होऊन सामानावर बसली होती. नवं इंजिन झाकलेलं होतं. मंत्र्यांनी दोरी ओढली, कापड खाली आलं, आणि हातभर उंचीची सोनेरी अक्षरं चमकली: उशीरारे.

पिशवी मांडीवर घेऊन तासभर बसलेल्या एका म्हाताऱ्या गृहस्थांनी ते मोठ्याने वाचलं. "उशीरा रे." आणि शेजारणीला म्हणाले, "चला, एकदाचे खरं बोलले."

पुढच्या हशात भाषण वाहून गेलं. मंत्र्यांनी आम्हाला प्रतीक्षालयात घेतलं आणि दार लावलं.

"हे कुणी केलं?"

चार महिन्यांत पहिल्यांदाच दोन्ही साहेबांचं एकमत झालं. दोघांनीही माझ्याकडे बोट केलं. मेस्त्रींनी खिशातून माझा कागद काढून मंत्र्यांपुढे ठेवला. सुरकुतीसुद्धा पडली नव्हती त्याला.

घरी बायको जेवणाच्या टेबलावर ताट आपटून म्हणाली, "'उशीरारेची गाडी वेळेवर येत आहे' असं मी दिवसभर म्हणत होते. लोक शिट्ट्या मारत होते. तोंडात बसेल असं ठेवा म्हटलं होतं, तोंड लपवावं लागेल असं नव्हतं म्हटलं."

राग मलाही आलेला होता, पण कुणावर काढावा हे ठरत नव्हतं.

नाव बदलायचं तर साठ इंजिनं, तिकिटं, गणवेशाच्या टोप्या, सगळं पुन्हा करायला हवं. म्हणून मंत्र्यांनी आधी जनतेच्या तक्रारी मागवल्या. चारशे बारा पत्रं आली. ती वाचायचं काम अर्थातच माझ्याकडे. त्यातल्या तीनशे नव्वद पत्रांत एकच तक्रार होती: 'उशिरा' या शब्दात शि ऱ्हस्व असते, सरकारने ती दीर्घ लिहून भाषेचा खून केला आहे. एका निवृत्त शिक्षिकेने तर इंजिनाच्या फोटोवर लाल शाईने गोल करून दहापैकी दोन गुण दिले होते.

मंत्र्यांच्या कार्यालयाला हायसं वाटलं. फाइलवर शेरा आला: 'नावाबद्दल जनतेची हरकत दिसत नाही. शुद्धलेखन दुरुस्त करावे.' ऱ्हस्व शि हवी म्हणून 'शीघ्र' काढून 'शिस्तबद्ध' घातलं. पश्चिमेचे साहेब तेव्हापासून माझ्याशी बोलत नाहीत. मेस्त्रींनी साठ इंजिनांवरची वेलांटी फिरवली, प्रत्येक इंजिनासाठी माझ्याकडून वेगळा लेखी आदेश घेऊन.

त्यानंतरच्याच सोमवारी आठ दहाची गाडी आठ दहाला सुटली. इंजिनावरचं नाव वाचून वाचून लोक आता निवांत यायला लागले होते. नव्वद-शंभर माणसांची गाडी चुकली, आणि ती सगळी चौकशीच्या खिडकीवर तुटून पडली. असलं नाव ठेवायचं आणि वर गाडी वेळेवर सोडायची, ही जनतेची शुद्ध फसवणूक आहे, असं एक माणूस तावातावाने ओरडत होता. बाकीचे त्याला माना डोलावून दुजोरा देत होते.

तो मी होतो.