पंपाच्या मुखावरील विड्याच्या पानाची हकीकत

खाडीस नमन, तिचे भरतीस नमन, ओहोटीस दोनदां नमन. शके एकोणीसशें सेहेचाळीस, क्रोधीनाम संवत्सरीं एका राज्यांत जें वर्तलें, तें आठवेल तैसें लिहितों. उणें अधिक असेल तें पदरांत घ्यावें, कारण लिहिणाराचें चित्त ठिकाणीं नाही.

त्या राज्यांत खाडीकांठीं थोरलें वीजघर होतें आणि त्याची यंत्रें तापत, म्हणून दोन अचाट पंप अहोरात्र खाडीचें पाणी ओढून त्यांस निववीत, आणि पाण्याबरोबर जिताड्याचीं, बोयांचीं, कोळंबीचीं पिलें ओढलीं जात, तीं जाळीस चिकटून मरत किंवा आंत जाऊन शिजत. मग श्रीमंत महाराजांनीं कायदा केला जे, पाणी ऐसें हळू ओढावें की पिलास माघारीं पोहतां यावें. त्याची परीक्षा ऐसी की पंपाचे मुखापाशीं विड्याचें पान सोडावें, तें एक हात जाण्यास पुरा एक श्वास लागावा. कमी लागल्यास वीजघराची सनद रद्द. या कामीं तिमाजीपंत जळमापे नेमिले, आणि त्यांचे हाताखालीं एक कारकून दिला. तो कारकून कोण म्हणाल, तर हें लिहिणारा पामरच.

आतां पंत मोठे सज्जन, लांचेस कधी शिवले नाहींत, परंतु मुहूर्ताशिवाय शिंकणार नाहींत ऐसा स्वभाव. वीजघराचे कारखानीस दमाजीराव यांनीं निमंत्रण धाडिलें जे, खंडेनवमीस यंत्रांची पूजा आहे, पंतांनीं यावें, पान त्याच शुभदिवशीं सोडावें. मग पंत गेले, पंपांस झेंडूच्या माळा, हळदकुंकू, पुढें नारळ, आणि पान सोडिलें तों पान जागचें हालेना! वीस श्वास मोजिले, पान तेथेंच. पंत गहिंवरून म्हणाले, "वाहवा! कायदा पाळावा तर असा!" आणि मजला सांगितलें, "लिही, पाणी निवांत." मग श्रीखंडपुरीचें जेवण जाहलें, उपरणें मिळालें. ऐसें तीन वर्षें चाललें. पूजेला बसलेलें यंत्र त्या दिवशीं चालवीत नाहींत, हें या राज्यांत शेंबड्या पोरासही ठाऊक, परंतु पंतांचे ध्यानांत आलें नाही. माझे दुसरे वर्षीं आलें. खरें सांगतों, आलें, आणि मीं श्रीखंड दुसऱ्यांदा वाढून घेतलें.

त्याच तिसरे वर्षीं, कार्तिकमासीं, वीजघरास बारा वर्षांची नवी सनद द्यावयाची म्हणून दरबार भरला. आमचे तिन्ही कागद वाचिले गेले, महाराज संतोष पावले, शिक्का हातीं घेतला, इतक्यांत कोळवाड्याची पदीबाय डोईवर हंडा घेऊन शिरली. चोपदार आडवे आले, तिनें त्यांस कोपरानें सारलें आणि हंडा महाराजांपुढें उपडा केला. बोटाएवढीं जिताड्याचीं पिलें, मेलेलीं, पसाभर नव्हे, हंडाभर.

पदीबाय म्हणाली, "महाराजा, ही आज सकालची जालीवरची. तीन वर्सं जाल्यात जिताडा नाय. अजून बारा वर्सं असा चालला त आमी कोलवारा सोरून जायाचा कुठं, त्ये तुमीच सांगा. यो कागुद खरा, की यो हंडा खरा?"

महाराजांचें मुख उतरलें. पंतांनीं जानव्यास हात घालून शपथ घेतली जे, माप खरें, पान हाललें नाही. पदीबाय खालीं बसून पिलें गोळा करूं लागली. माझी नोकरी जाईल, पंतांची अब्रू जाईल, पण शिक्का उठला तर ही बाई कोठें जाईल? मग तोंडांतून कसें बाहेर पडलें न कळे, "महाराज, माप खंडेनवमीचें आहे. पंप बंद होते." पंतांनीं मजकडे पाहिलें आणि स्वतःशींच पुटपुटले, "अरे देवा, माळा होत्या की रे त्यांवर."

दुसरे दिवशीं खासे महाराज खाडीवर आले. पंप चालू होते. पान सोडिलें, अर्धा श्वासही घेतला नाही तों पान गडप. तें पाहावयास पंत वांकले आणि पगडी पाण्यांत पडून जाळीस ऐसी चिकटली की दोघां गड्यांस ओढतां निघेना. दमाजीराव हात जोडून म्हणाले, "महाराज, पंप हळू केले तर महालांतील दिवे मंद होतील." महाराजांनीं पगडीकडे पाहिलें, कपाळींचा घाम पुसला आणि आज्ञा केली जे, पाण्याचें मुख चौपट रुंद करावें, पावसाचे चार मास पंप अर्धे चालवावे, दिवे मंद होतील ते होवोत. सनद एकच वर्षाची. पुढील सनद खाडींत पिलें दिसल्यावर. पंत मानानें घरीं गेले. मजला शिक्षा जाहली जे, रोज खाडीवर बसून पान सोडावें आणि खरें तें लिहावें.

आज पुढील वर्षाचा, विश्वावसु संवत्सराचा, ज्येष्ठ मास. मुख रुंद जाहलें, जाळी स्वच्छ आहे, पान सव्वा श्वास घेतें. पदीबाय रोज येते आणि विचारते, "दिसला काय रं?" मी म्हणतों, नाही. ती शिव्या देत नाही, शेजारीं बसते. त्याचेंच मजला अधिक भय वाटतें. येणेंप्रमाणें हकीकत. तीन वर्षें ज्या हातानें निवांत म्हणून लिहिलें, त्याच हातानें आज लिहितों: पाणी हळू आहे, पिलूं नाही. उद्यां पुन्हा पाहूं.