बाथरूमच्या कडीबाबत

विषय: बाथरूमची कडी.
संदर्भ: सूनबाईंची फ्रिजवरची चिठ्ठी, गेल्या सोमवारची.

उपरोक्त विषयास अनुसरून निवेदन असे की, सदर चिठ्ठी इंग्रजीत होती आणि तिच्यात कडी सैल झाल्याऐवजी कडी हरवल्याचं म्हटलं होतं. 'loose' आणि 'lose' या दोन इंग्रजी शब्दांत भलेभले घसरतात. मी सुताराला बोलवावं, एवढाच सूनबाईंचा हेतू. पण माझा जन्म कचेरीत गेला. सदोष कागदावर कार्यवाही होत नसते. लाल शाईनं 'दुरुस्त करून पुन्हा सादर करावे' असा शेरा मारला आणि चिठ्ठी सूनबाईंच्या जेवणाच्या डब्याखाली ठेवली. (शेरा मारताना हाताला काय गोडी येते, ते निवृत्तांनाच कळेल.)

चिठ्ठी पुन्हा सादर झाली नाही.

आज पाचला वाचनालयात माझं व्याख्यान होतं: 'इंग्रजीतले नेहमी गोंधळ उडवणारे शब्द'. निवृत्त झाल्यापासून पहिल्यांदाच कुणी मला बोलायला बोलावलं होतं. तालमीसाठी टिपणं घेऊन बाथरूमच्या आरशासमोर उभा राहिलो आणि व्यत्यय नको म्हणून कडी लावली. ती लागली. उघडली मात्र नाही.

"अगं, ऐकतेस का?"

"मघापासून तेच तर करतेय," बाहेरून ही म्हणाली.

"कडी अडकलीय."

"मग अर्ज करा."

"चेष्टा कसली करतेस? पाच वाजत आलेत."

"तोंडी तक्रार घेत नाही आम्ही."

टिपणांच्या पाठीवर सुटकेचा रीतसर अर्ज लिहून दाराखालून सरकवला. परत आला.

"तारीख नाही," ही म्हणाली.

तारीख घालून पुन्हा सरकवला. तेवढ्यात सूनबाईंचा आवाज आला. "बाबा, सुताराला फोन केलाय. निघालोय म्हणाला. वाचनालयात मी जाऊन सांगते." आवाजात रागाचा लवलेश नव्हता. तेच जास्त लागलं.

उलट्या बादलीवर बसून राहिलो. दिवेलागणीला सूनबाई परतल्या.

"बाबा, लोक येऊन बसले होते. त्यांना परत कसं पाठवायचं? तुमची टिपणं हातात होती, मीच वाचून दाखवली. कडीच्या चिठ्ठीचंही सांगितलं. खूप हसले सगळे. पुढच्या महिन्यात पुन्हा बोलावलंय."

"मला?"



"तुम्हीही या म्हणालेत."

हा अहवाल साबणाच्या वेष्टनांवर लिहीत आहे. सुतार अद्याप निघालेलाच आहे. अर्ज टिपणांच्या पाठीवर असल्यामुळे टिपणांसोबत वाचनालयातच राहिला. सबब, तो प्रलंबित आहे.