भल्या माणसाची बोली

म्हातारा गेल्याची बातमी हुंदक्यांना दाढी करताना कळली आणि त्यांच्या तोंडून पहिला उद्गार निघाला, "आणि ट्रक?"

"अहो, माणूस गेलाय," बायको म्हणाली.

"ते ऐकलं मी. ट्रक शेडमध्येच आहे ना?"

हुंदके हे त्यांचं आडनाव नव्हे, धंद्यात पडलेलं नाव. शेतावरचे जुने पण जिवापाड राखलेले ट्रक लिलावात घ्यायचे आणि हौशी गिऱ्हाइकांना विकायचे, हा त्यांचा धंदा. आता असा ट्रक मालक जिवंत असेपर्यंत काही लिलावाला येत नाही. म्हणून हुंदके गाडीवर नाही, मालकावर नजर ठेवून असत. जो शेतकरी फावडंसुद्धा धुऊन भिंतीला टांगतो, तो गेला की हुंदके त्याच्या अंत्ययात्रेला हजर. असे रडत, की घरचे लोक ओशाळून जास्त रडायला लागत. मग तोंड धुण्याच्या निमित्ताने ते मागच्या शेडमध्ये जात. मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाणारे जगात पुष्कळ आहेत, हुंदके निदान आधी रडून घेत.

शेडमध्ये त्यांचं काम चिमूटभर असे. इंजिनातल्या एका टोपीखाली रोटर नावाचा अंगठ्याएवढा तुकडा असतो. तो काढून खिशात टाकला की इंजिन नुसतं फिरतं, पेटत नाही. लिलावाच्या दिवशी चावी मारली की गाडी कण्हते, बाकीचे लोक मागे सरकतात आणि भाव पडतो. मग घरी आणून तुकडा जागेवर बसवायचा, की झालं.

पण म्हाताऱ्याचा हा निळा ट्रक त्यांना विकायला नको होता. हा त्यांना स्वतःला हवा होता. म्हातारा बाजारातून निघण्यापूर्वी चाकांचा चिखल पुसायचा. सीटवर जुनी धुतलेली चादर असायची. दार दोन बोटांनी लोटलं तरी हलका 'टक' आवाज करून लागायचं. दुसऱ्यांच्या गाड्या विकण्यात हुंदक्यांचं आयुष्य गेलं होतं आणि एक तरी गाडी आपली म्हणून दारात उभी असावी, अशी त्यांची मनापासूनची इच्छा होती. एकदा त्यांनी धीर करून विचारलंही होतं. म्हातारा म्हणाला होता, "मी मेल्यावर या." हुंदके आज्ञाधारकपणे आले होते.

अंगणात माणसं जमली होती. रडून, तोंड धुऊन, रोटर खिशात घालून हुंदके शेडमधून निघाले, तर समोर मिशीवाला. धंद्यातला दुसरा. तोही ट्रकच्या पेट्रोलच्या टाकीच्या बाजूने हात पुसत येत होता.

"फार वाईट झालं," मिशीवाला म्हणाला.

"फारच," हुंदके म्हणाले.

तेवढ्यात म्हाताऱ्याची बायको ओट्यावर आली. सकाळपासून ती रडली नव्हती. मुलाला म्हणाली, "शववाहिनी परत पाठव. ते आपल्या ट्रकातून जाणार आहेत. मी त्यांना शब्द दिलाय."

मुलगा शहरातला, रविवारी शेतावरच्या सामानाचा लिलाव लावून परत जाणारा. म्हणाला, "आई, तो ट्रक महिनाभर उभा आहे. सुरू तरी होईल का?"

"त्यांचा ट्रक आहे तो," म्हातारी म्हणाली. "सुरू न व्हायला काय झालं?"

हुंदक्यांनी खिसा चाचपला. शववाहिनी निघून गेली. म्हाताऱ्याला चौघांनी उचलून ट्रकात ठेवलं. मुलाने चावी फिरवली. ट्रक कण्हला आणि कण्हतच राहिला. म्हातारी पुढे आली, तिने बॉनेटवर हात ठेवला आणि तिचा चेहरा असा पडला, की हुंदक्यांना आयुष्यात पहिल्यांदा एखाद्या अंत्ययात्रेत खरोखरीचं वाईट वाटलं.

"मी बघतो, काकू," ते म्हणाले. बॉनेट उघडून, वाकून, पाठीने सगळ्यांची नजर अडवून त्यांनी रोटर जागेवर बसवला. "मारा चावी."

ट्रक एकदा खोकला आणि गप्प झाला.

पेट्रोल येत नव्हतं. चोराच्या वाटा चोराला ठाऊक, हुंदक्यांनी लगेच मिशीवाल्याला गाठलं. टाकीच्या नळीत चिंधीचा बोळा कोंबणं ही त्याची जुनी खोड होती.

"बोळा काढ," हुंदके कुजबुजले.

"कसला बोळा?"

"अरे, वर माणूस निजलाय. आता तरी काढ."

"आणि तुम्ही काय खिशात घातलंत, ते मी नाही विचारलं," मिशीवाला डोळे पुसत म्हणाला. "गाडी सुरू झाली की गावभर होईल. रविवारी शंभर माणसं येतील लिलावाला. मग बसा टाळ कुटत!"

यात तथ्य होतं, हीच पंचाईत. मी भलं व्हायचं आणि फायदा याने उपटायचा, तर मीच का मूर्ख ठरू, असा विचार हुंदक्यांच्या मनात आला, आणि बॉनेटपाशी येऊन त्यांचा हात परत इंजिनातल्या टोपीखाली गेला. रोटर खिशात गेला. हे त्यांनी मेलेल्या माणसापासून चार हातांवर केलं.

इकडे मिशीवाल्यालाही बहुधा काहीतरी टोचलं असावं. तो खाली वाकून टाकीकडे गेला, खुडबुड करून आला आणि मोठ्याने म्हणाला, "आता बघा बरं!"

ट्रक कण्हला. मिशीवाल्याने हुंदक्यांकडे पाहिलं. हुंदक्यांनी आभाळाकडे पाहिलं. स्मशानातून दोनदा निरोप येऊन गेला होता आणि आता बॉनेटभोवती म्हाताऱ्याचे सगळे शेजारी वाकून उभे होते. आता टोपीला हात लावला असता तर रोटर सर्वांसमक्ष खिशातून काढावा लागला असता.

"ढकलू या," हुंदके म्हणाले. दुसरं काय म्हणणार?

रस्ता चढाचा होता. मुलगा स्टिअरिंगवर, म्हातारी त्याच्या शेजारी आणि मागे सगळ्यांत पुढाकार घेऊन हे दोघे. चांगला राखलेला ट्रक वजनालाही चांगला असतो. निम्म्या वाटेवर मिशीवाला धापा टाकत म्हणाला, "मी काढला होता बोळा. खरंच काढला होता."

"कळलं मला," हुंदके म्हणाले.

"मला नको ही गाडी. येत नाही मी रविवारी."

आणि तो आलाही नाही. रविवारी शेतावर लिलावाला शेजारी आले, पण नांगर, पंप, शिड्या घ्यायला. ट्रकच्या वेळी मुलाने चावी मारली, ट्रक कण्हला, लोक हसले. सगळ्यांनीच तो ढकलला होता. उरले हुंदके आणि वजनावर लोखंड घेणारा भंगारवाला. भंगारवाल्याने बोली लावली. हुंदक्यांनी जरा थांबून, अनिच्छेनेच लावतोय असं दाखवून, त्याच्याहून चढी बोली लावत हात वर केला. गाडी आता घरी येणार होती.

"थांबा," म्हातारी म्हणाली. "यांची बोली धरू नका."

लिलाववाला थबकला. "का हो काकू?"

"हे घरचे नव्हेत, ओळखीचे नव्हेत. तरी माझ्या माणसाला खांदा दिल्यासारखं त्यांनी चढावर नेलं. हात सोलून निघाले होते त्यांचे, मी बघितले. आता दया येऊन ही बंद पडलेली गाडी घेताहेत. मी नाही फसवणार अशा माणसाला."

"मला फसवत नाही कोणी, काकू. मी करतो दुरुस्त."

"त्या दिवशी नाही का केलीत? किती झटलात! नाही झाली ना?"

"होईल. म्हणजे... मला ठाऊक आहे ती होईल."

"कशावरून?"

कशावरून ते सांगायला एक वाक्य पुरलं असतं. हुंदक्यांनी तोंड उघडलं. समोर साऱ्या पंचक्रोशीतले शेतकरी उभे होते, ज्यांच्या शेडमध्ये पुढेमागे त्यांना जायचं होतं. त्या दिवशी त्या चढावर घाम गाळलेले, मेलेल्या शेजाऱ्याला ढकलत नेलेले लोक. हे ऐकून त्यांनी हुंदक्यांना जिवंत सोडलं नसतं. हुंदक्यांनी तोंड मिटलं.

लिलाववाल्याने तीनदा विचारलं आणि ट्रक भंगारात गेला. भंगारवाल्याने आवारातच गॅसकटर पेटवला. अख्खा ट्रक न्यायचा तर भाडं पडतं, म्हणाला. आधी दार काढलं. ते लागताना जसा आवाज करी तसा पडताना केला नाही.

हुंदके तिथेच ओट्यावर बसले आणि रडायला लागले. आवाज न करता रडले, कारण या वेळी कोणाला ऐकवायचं नव्हतं. म्हातारीने आतून पाणी आणलं, त्यांच्या शेजारी बसली आणि त्यांच्या पाठीवरून हात फिरवत राहिली.

"उगी, भाऊ," ती म्हणाली. "त्यांना एकच काळजी होती. म्हणायचे, माझ्यामागे ही गाडी कुणा लबाडाच्या हाती पडू नये. तेवढं तरी आपण सांभाळलं."