गाजरचोरीचे वेळापत्रक

लहान मुलांच्या पोटात भाजी गेल्याखेरीज राष्ट्राची प्रगती होत नाही, याविषयी स्वतः भाजी न खाणाऱ्या थोर माणसांचेही एकमत आहे. आकुर्डीच्या पुढे, एका कंपनीच्या मागच्या भिंतीला लागून असलेल्या प्राथमिक शाळेने ही गोष्ट इतकी मनावर घेतली होती की फाटकावर शाळेच्या नावाहून मोठ्या अक्षरांत पाटी होती : ‘आमची बाग, आमचे पोषण’.

ही पाटी वाचूनच ताहेराने आपल्या मुमताजचे नाव तिथे पहिलीत घातले. ताहेरा बी.ए. होती (अर्थशास्त्र घेऊन; त्यामुळे काळजी कशी करावी याचे तिला पद्धतशीर शिक्षण मिळालेले). नवरा इकबाल कंपनीत फिटर. कंपनीच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी मुमताजची खालची पापणी ओढून पाहिली, “पांढरीफटक आहे,” म्हणाले आणि पालेभाजी, गाजर असे सांगून मोकळे झाले. सांगायला त्यांचे काय जाते. भाजी दिसली की मुमताज दातखीळ बसल्यासारखे तोंड मिटायची. खिम्यात गाजर बारीक चिरून घातले, तर एकेक तुकडा वेचून ताटाच्या कडेला शिस्तीत ओळ मांडायची आणि मग निवांतपणे खिमा खायची. रात्री ती झोपली की ताहेरा दिव्याजवळ नेऊन तिची पापणी बघायची. इकबाल म्हणायचा, “अगं, झोपू दे पोरीला. लाल व्हायची तेव्हा होईल, सिग्नल आहे का तो?”

पावसाळ्यात शाळेच्या बागेत भेंडी, गवार आणि दोडका आला. आला म्हणजे दिसला. बागेची पाहणी करायला वरून साहेब यायचे होते, आणि साहेबांना वेलावर दोडका दिसायचा असेल तर तो आधी कुणी तोडून चालत नाही, हे मुख्याध्यापक ज्योतीराम गुरुजींना कुणी शिकवावे लागले नव्हते. म्हणून मुलांना तूर्त दर्शनी पोषण मिळे. रोज दुपारी मुले रांगेने बागेला फेरी घालीत आणि प्रत्येक वाफ्यापाशी थांबून तिथले जीवनसत्त्व मोठ्याने म्हणत. (दोडक्यापाशी पहिलीच्या बाई अडखळत, दोडक्याचे जीवनसत्त्व पुस्तकात दिलेले नव्हते.) मग आत जाऊन परदेशातून पोत्यांतून आलेल्या मक्याचा पिवळा उपमा खात. ज्या बहात्तरच्या दुष्काळासाठी ती पोती सुरू झाली, तो सरून दोनतीन वर्षे झाली होती. पोत्यांना ते कुणी कळवले नसावे.

पावसामुळे साहेब आले नाहीत. भेंडीचे लाकूड झाले. दोडका वेलावरच वाळला, तेव्हा उपमा शिजवणाऱ्या सोजराबाईने त्याची साल काढून आतल्या जाळीने पातेली घासली. बागेचे उत्पन्न स्वयंपाकघरात पोचले ते असे.

“खायाचा ऱ्हायला खरा, भाभी,” ती ताहेराला म्हणाली, “पर पातेलं बगा कसं लकलकतंय.”

पालकांच्या सभेत ताहेरा उठली. “गुरुजी, भाजी मुलांच्या पोटात कधी जाणार?”

“जाणार तर. पाहणी झाली की लगेच,” गुरुजी म्हणाले. “तुम्ही शिकलेल्या आहात, ताहेराबाई. बागरक्षण समिती तुम्हीच व्हा.”

ताहेरा समिती झाली. (एकाच व्यक्तीची असल्यामुळे समितीत मतभेद फक्त रात्री होत.) हेतू अगदी निःस्वार्थी होता : हिवाळ्यात गाजर येईल, तेव्हा पहिले गाजर मुमताजच्या पोटात जाते की नाही, यावर जवळून नजर ठेवता यावी.

थंडी पडली तशी गाजराची पाने वाफाभर डोलू लागली. ताहेरा दुपारभर विणकाम घेऊन लिंबाखाली बसे. तिने नियम केले. वाफ्यात पाय टाकू नये. भाजीकडे बोट दाखवू नये, कारण बोटापाठोपाठ हात येतो. शिंक आल्यास कोथिंबिरीकडे पाठ करावी. मुले तिला इतकी घाबरू लागली की बागेजवळून जाताना हात खिशात घालीत. ज्यांना खिसे नव्हते ती दुसऱ्याच्या खिशात घालीत.

याच सुमारास मुमताजची पापणी गुलाबी दिसू लागली. ताहेराने त्याचे श्रेय टॉनिकच्या बाटलीला दिले.

मग एके दिवशी भिंतीकडची गाजराची पाने मलूल दिसली. ताहेराने एक रोप उपटून पाहिले. हातात पाने आली. खाली गाजर नव्हते. दुसरे उपटले, तिसरे उपटले. अख्खी ओळ पानांची होती. कुणीतरी गाजर खाऊन पाने पुन्हा मातीत नीट रोवली होती, अशी की वरून पाहणाऱ्याला वाफा भरलेलाच वाटावा. ताहेरा पाण्याच्या टाकीमागे गेली. तिथे मुमताज उकिडवी बसून फ्रॉकला गाजर पुसत होती.

रक्षण समितीच्या तोंडून पहिला प्रश्न निघाला तो असा : “धुतलंस का?”

“पुसलंय, अम्मी.”

“आणि घरी का गं खात नाहीस?”

मुमताजने चावता चावता विचार केला. “घरी तू खा म्हणतेस.”

ताहेराने पाने पुन्हा मातीत खोचली आणि वर पाणी शिंपडले.

साहेब आले, त्यांनी वाफे पाहिले. पाहणीला गाजराचा वरचाच भाग लागतो, त्यामुळे बाग उत्कृष्ट ठरली. साहेब गेल्यावर ताहेराने अर्थशास्त्र पणाला लावून गुरुजींपुढे हिशेब मांडला : शाळेत आजवर मुलांच्या पोटात गेलेल्या भाजीपैकी चोरीची शंभर टक्के, वाढलेली शून्य. “चोरूच द्या त्यांना, गुरुजी. मी पाठ करून बसत जाईन.”

गुरुजी विचारी होते. चोरीला त्यांची हरकत नव्हती. ती बेशिस्त होते, एवढेच त्यांना खुपले. दुसऱ्याच दिवशी फळ्यावर वेळापत्रक लागले. सोमवारी पहिलीची चोरी, मंगळवारी दुसरीची, याप्रमाणे. चोरांनी उंचीनुसार उभे राहावे. घंटा झाली की समितीने पाठ फिरवावी. चोरीला गैरहजर राहणाऱ्याने पालकांची चिठ्ठी आणावी. चोरीचा माल धुण्यासाठी सोजराबाईने बादली ठेवावी (ही ताहेराची दुरुस्ती).

सोमवारी पहिलीचा वर्ग वाफ्यापाशी उभा राहिला. घंटा झाली. ताहेराने पाठ फिरवली आणि कान टवकारले. काही वाजेना.

“चोरा, बाळांनो,” गुरुजी मायेने म्हणाले.

“गुरुजी, माझं पोट दुखतंय,” एकजण म्हणाला. लगेच अर्ध्या वर्गाचे दुखू लागले.

“न्हाई म्हंत्यात ती, गुरुजी,” बादलीपाशी उभी सोजराबाई म्हणाली. “उपमा वाढू का?”

“चोरी केल्याशिवाय कुणी घरी जायचं नाही,” गुरुजींचा आवाज चढला. तेव्हा मुमताजने एक गाजर उपटले, बादलीत स्वच्छ धुतले, वाफ्याच्या कडेला नेऊन ठेवले आणि तोंड मिटले. तिच्या मागे सगळा वर्ग तसाच आला. गाजरांची सुरेख ओळ झाली.

होळीपर्यंत उरलेली गाजरे जून झाली आणि मुमताजची पापणी पुन्हा फिकट. उन्हाळ्यात बाग वाळली; पाटीला तेवढा नवा रंग दिला.

ताहेराने समितीचा राजीनामा दिला आणि मंडईतून काकड्या, बीट आणि मेथीची जुडी आणली. सगळे धुऊन वरच्या फळीवर ठेवले, स्टूल चुकून खालीच राहू दिले आणि मुमताजला ऐकू जाईल असे बजावले, “पाहुण्यांसाठी आहे. हात लावशील तर बघ.” मग ती भिंतीकडे तोंड करून विणायला बसली.

पहिली शिफ्ट करून आलेला इकबाल दारातच थांबला. “भिंतीशी भांडलीस काय?”

“हळू बोला. मागं आवाज येतोय.”

“उंदीर असेल.”

“असू दे. काकडी खातोय.”

ही हकिगत सर्व पालकांकडून सक्तीने वाचून घ्यावी, असे ज्योतीराम गुरुजींचे मत पडले. ताहेराने हात जोडून ते हाणून पाडले. त्यामुळे ही वाचा असे आपल्याला कुणी सांगितलेले नाही, आणि आपण थेट इथवर आलात. आता जेवायला बसल्यावर शेजारच्या ताटाकडे बोट दाखवून ‘आधी भाजी संपव’ म्हणायला आपण मोकळे आहात.