बॉनेटमधला मोजा

"आई, तू मिश्री लावलीस?"

गाडी काटई नाक्याच्या गर्दीत जेमतेम शिरली होती. पुढच्या सीटवरून मायाने मान मागे वळवली होती आणि ती नाकपुड्या फुगवून वास घेत होती.

"न्हाई," मागे बसलेल्या शांताबाई म्हणाल्या. "म्हैना झाला, बोट लावलं न्हाई."

"मग हा वास कसला?"

गाडी चालवणाऱ्या सम्यकनेही हुंगून पाहिलं. वास होता खरा. तव्यावर तंबाखू भाजायला घेतला की घरभर पसरतो तो, खमंग आणि नाकाला झोंबणारा. जावयाने सासूच्या तोंडाच्या वासावर मत द्यायचं नसतं, म्हणून तो गप्प राहिला.

प्रश्न साधा नव्हता. शांताबाईंचे समोरचे दात हलायला लागले होते आणि भाकरी दुधात कुस्करून खायचा त्यांना उबग आला होता. नौपाड्यातल्या डॉक्टर रुपाली पक्के दात बसवून द्यायला तयार होत्या, पण त्यांची अट कडक होती. महिनाभर मिश्री बंद, आणि दात बसवायच्या दिवशी तोंडाला वास आला तर खुर्चीवर बसवणार नाही, परत घरी. मायाने आईला कल्याणहून डोंबिवलीला आपल्या घरी आणलं, तिची डबी कचऱ्यात टाकली आणि रोज पोलिसासारखी पाळत ठेवली. शांताबाईंनी लेकीला शब्द दिला होता. चाळीस वर्षांची सवय त्यांनी चहा, बडीशेप आणि चिडचिड यांच्या जोरावर महिनाभर दाबून धरली होती. आज दात बसायचे होते.

"पिशवी दे इकडे," माया म्हणाली.

पिशवीत चष्मा, रुमाल, जुनी फाइल आणि बडीशेप निघाली. मायाने बडीशेपेच्या पुडीतही बोट फिरवलं. "कनवटीला काय आहे?"

"कनवटीला तुझी माय हाय," शांताबाई म्हणाल्या. "आता भर रस्त्यात लुगडं सोडू का?"

शिळफाट्याला सिग्नलपाशी गाडी पार थांबली. ट्रकांची धूळ आत येऊ नये म्हणून काचा बंद होत्या. एसी बंद होता, कारण एसीने पेट्रोल जातं. नुसता ब्लोअर चालू होता आणि इंजिन तापलं होतं. सम्यकने ब्लोअरच्या जाळीजवळ नाक नेलं. वास मागून येत नव्हता. पुढून येत होता.

गाडीवर पैसे खर्च करायचे नाहीत, डोकं खर्च करायचं, हे सम्यकचं तत्त्व होतं. सेकंडहँड गाडी घेतल्यापासून त्याचा मोबाइल घरगुती उपायांच्या व्हिडिओंनी भरला होता. धुरकट दिवे तो टूथपेस्टने घासायचा, काचेवर अर्धा बटाटा फिरवायचा. चपला ठेवायची कप्प्याकप्प्यांची पिशवी त्याने आपल्या सीटच्या पाठीला टांगली होती आणि तिच्यात फडक्यापासून फिनेलपर्यंत सगळा संसार मांडला होता. मध्यंतरी उंदरांनी बॉनेटमधल्या वायरी कुरतडल्या, तेव्हा कुणा व्हिडिओवाल्याने सांगितलं की तंबाखू बांधून ठेवा, उंदीर फिरकणार नाही. सम्यकने बाजारातून सुटा तंबाखू आणला, चुरला, जुन्या मोज्यात भरला आणि इंजिनला खेटून सुतळीने बांधून टाकला. उंदीर खरंच फिरकले नाहीत. पण तो मोजा आता तापल्या इंजिनवर मंद आचेवर भाजत होता.

हे तिथल्या तिथे सांगून टाकलं असतं तर गोष्ट संपली असती. पण गेल्याच आठवड्यात त्याने डॅशबोर्ड चमकावा म्हणून खोबरेल चोळलं होतं, आणि माया ऑफिसला पोचली तेव्हा तिच्या पदरावर मुंग्यांची रांग होती. "अजून एक उपाय केलात," ती म्हणाली होती, "तर गाडी विकायची आणि तुम्ही व्हिडिओ बघत रिक्षाने फिरायचं." ती बोललेलं करते, हे सम्यकला लग्नापासून माहीत होतं. त्याने घाम पुसला.

"जरा बाजूला घेऊ का? पाणी चेक करतो."

"अजिबात नाही. नंबर जाईल."

"मग काच खाली कर."

माया काच खाली करते तोच शेजारच्या डंपरने तोंडावर धूळ उडवली. काच पुन्हा वर गेली. सम्यकने डाव्या हाताने मागच्या कप्प्यातून कापराच्या वड्या ओढून काढल्या आणि डॅशबोर्डवर कुस्करल्या. मग कॉफीची पुडी उघडून ठेवली, कारण कॉफी वास ओढून घेते असं ऐकलं होतं. ब्लोअरने ती पुडी अर्धी मायाच्या ड्रेसवर उडवली.

"काय चाललंय तुमचं?"

"काही नाही. फ्रेश वाटावं म्हणून."

शांताबाई मात्र आता पुढे सरकून बसल्या होत्या. डोळे अर्धे मिटलेले, मान दोन्ही सीटच्या मधोमध. "जावयबापू," त्या हळूच म्हणाल्या, "हवा जराशी वाढवा की."

मुंब्रा बायपासच्या चढावर वास इतका दाट झाला की मायाला ठसका लागला. "आई, शेवटचं विचारते. लपवू नको."

"अगं, न्हाई म्हनते ना. पोटची पोर तू, आन माझ्या शब्दावर तुझा इस्वास न्हाई?" शांताबाईंनी पदर तोंडाला लावला. सम्यकला फार लाज वाटली. पण लाज वाटली तरी तोंड उघडेना, आणि कळव्याचा पूल येईपर्यंत तो सीटवर नुसता चुळबुळत राहिला.

नौपाड्यात पोचल्यावर माया नंबर लावायला धावत वर गेली. सम्यकने गल्लीत गाडी कशीबशी उभी केली, बॉनेट उघडलं आणि चटके खात मोजा सोडवला. फेकायला जागा दिसेना, सगळीकडे दुकानं आणि दुकानदार. त्याने मोजा सीटमागच्या पिशवीच्या एका कप्प्यात कोंबला. "आई, बसा. गाडी इथे चालेल का विचारून येतो," म्हणत तो कोपऱ्यावरच्या औषधवाल्याकडे गेला. औषधवाल्याने आधी नकार दिला, मग पार्किंगवर भाषण दिलं, मग होकार दिला. तोवर शांताबाई गाडीत शांत बसून होत्या.

डॉक्टर रुपाली दारातच थबकल्या. "आजी, वास येतोय."

"बघ," माया म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "महिनाभर मी आणि तू एवढं केलं ते कशासाठी?"

शांताबाई ओठ घट्ट मिटून भिंतीवरच्या दातांच्या चित्राकडे बघत राहिल्या. ती बंद ओठांची म्हातारी पाहून सम्यकला राहवेना. गाडी गेली तर गेली, पण एका बाईचा खरा शब्द आपल्यापायी खोटा पडायला नको, असं त्याला मनापासून वाटलं.

"डॉक्टर, वास आईंचा नाही, माझ्या गाडीचा आहे," तो म्हणाला आणि उंदरांपासून सगळं सांगून मोकळा झाला. कुणाचा विश्वास बसेना, तेव्हा खाली धावत जाऊन त्याने मोजाच आणून टेबलावर ठेवला.

डॉक्टरांनी दोन बोटांत धरून तो हुंगला. "तंबाखूच आहे. मोजा कुणाचा?"

"माझाच. धुतलेला होता."

मायाने नवऱ्याकडे पाहिलं. गाडीचा निकाल त्या नजरेतच लागला. मग ती आईकडे वळली आणि तिचा हात हातात घेतला. "आई, चुकलं माझं. तू खरं बोलत होतीस आणि मी सगळ्या रस्ताभर तुला चोर ठरवलं."

शांताबाईंनी मान हलवली. बोलल्या नाहीत. जखम खोल आहे, असं सगळ्यांनाच वाटलं.

"बरं, मग काही प्रश्न नाही," डॉक्टर हसून म्हणाल्या. "या आजी, बसा खुर्चीवर. आ करा."

शांताबाई बसल्या. आ मात्र केला नाही.

"आजी, आ."

त्यांनी एकवार लेकीकडे पाहिलं, एकवार जावयाकडे. मग उठून कोपऱ्यातल्या बेसिनपाशी गेल्या, काळी पिचकारी टाकली, सावकाश चूळ भरली आणि पदराने तोंड पुसलं.

"काटईपासनं नौपाड्यापतोर खोटा आळ सोसला," त्या म्हणाल्या. "मोजा नाकासमोरच ठेवला व्हता तुमी. म्या म्हनलं, आळ आलाच हाय तर निदान खरा तरी करावा."

डॉक्टरांनी पुढच्या महिन्याची तारीख बघायला घेतली.

शांताबाई जावयाजवळ आल्या आणि मायाला ऐकू जाऊ नये एवढ्या हळू आवाजात म्हणाल्या, "पर जावयबापू, भाजलीय मातुर झ्याक. मला बी तव्यावर कदी अशी जमली न्हाई."