अर्ध्या नंबराचे पेढे

नातीच्या चष्म्याचा नंबर वाढला म्हणून पेढे वाटणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. आमच्या गंगाखेडचे दिगंबरराव.

“किती वाढला?” मी विचारलं.

“अर्धाच! दर साली एकानं वाढायचा. घ्या, आणखी एक घ्या.”

दिगंबररावांची सगळी नोकरी रेल्वेच्या तिकीटखिडकीत गेली. गल्लीतला पहिला टीव्ही त्यांनीच घेतला आणि तोही खिडकीतच बसवला, पडदा बाहेर करून. बघणाऱ्यांनी अंगणापलीकडच्या कडुलिंबाखाली बसायचं. मी टेपानं अंतर मोजलं. एकोणीस फूट. तिथून बातम्या बाई देते की बुवा, हे फक्त आवाजावरून कळे.

“लांब बगा, लेकरंहो, लांब बगा!” हे त्यांचं पालुपद. रविवारचा सिनेमा पाहायचा तर आधी उन्हात खेळायचं. न खेळणाऱ्याला सिनेमा नाही. एखादी आई म्हणाली, “उद्या पेपर हाय त्याचा,” तर हे म्हणत, “मग तर लयच खेळायला पायजे.”

टीव्हीनं डोळे जातात हे गल्लीत सगळ्यांना ठाऊक. हा माणूस म्हणे डोळ्यांसाठी टीव्ही घेतो! आम्ही शहाणी माणसं पोरांना गाजर चारत होतो, तळपायाला एरंडेल चोळत होतो आणि दार लावून अभ्यासाला बसवत होतो. त्या साली गल्लीत चार नवे चष्मे आले. चारही गाजरवाल्या घरांत. त्यातला एक आमच्या लेकीचा, शकूचा.

“फरशी मळंल म्हणून लेकरांना आत घेत न्हाईत,” आमच्या सौभाग्यवतींचा निकाल. “कंजूष मेले!”

पेढ्यांच्या आदल्या वर्षी एका रविवारी मी जाब विचारायला त्यांच्या घरात गेलो. सिनेमा चालू होता. आत टीव्हीची नुसती पाठ, आणि तिच्यामागं खुर्ची टाकून दिगंबरराव खिडकीबाहेर बघत बसलेले.

“हितनं तुम्हाला काय दिसतं?”

“टीव्ही कोण बगायलाय?” ते म्हणाले. “डॉक्टर म्हणले, नातीला उन्हात खेळू द्या, लांबचं बगू द्या. नंबर थांबंल असं न्हाई, जरा हळू वाढंल. पण मंदानं खेळायचं कुणासंगं? पोरं ‘ढापणी’ म्हणायची. ती दार सोडंना, दिवसभर पुस्तकात नाक. मग म्हणलं, ही गल्लीत जाईना, तर गल्लीलाच अंगणात आणू. मंदाला डाव दिल्याबिगर मी बटन दाबत न्हाई.”

बाहेर पोरं एकदम हसली. मधोमध मंदा होती. शेजारणीच्या खांद्यावर डोकं टाकून तीही हसत होती. पडद्यावर काय झालं ते ठाऊक नसताना दिगंबररावही हसले. मग पुढं वाकून, डोळे बारीक करून त्यांनी मला हळूच विचारलं, “भाऊ, तिच्या बाजूला कोण हाय हो? पहिल्यांदा ढापणी म्हणली, तीच पोरगी न्हवं?”

मी पाहिलं. नव्या चष्म्याची आमची शकू होती. मंदाला ‘ढापणी’ म्हटल्याचं तिनंच मागं घरी हसत सांगितलं होतं.

“हो,” मी म्हणालो. “तीच. आमची.”

त्यांनी खुर्ची सरकवून मला खिडकीशी जागा केली.

“असू द्या,” मग म्हणाले. “तिला रोज पाठवीत जा. मंदाला जोडीदारीण झाली.”